पावणेतीन इंच

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. रतनलालशेठच्या नव्या घराचा वरचा मजला मीच पुरा करणार. खालच्या मजल्याची वायरिंग ह्यांनी केली. वरती सुरुवात केली आणि हे गेले. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, आता काय करणार? जसं काही करायचं ते त्याला विचारून करायचं आहे.

शेठ भला माणूस. म्हणाले, उषाबाई, काम तुमच्याच नावावर, मला भुजंगच्या घरचंच काम पाहिजे. भुजंगने भिंतीवर खूण केली की दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही, असं ते जुन्या जालन्यात भेटेल त्याला सांगतात. वरच्या मजल्याबद्दलही तेच बोललं गेलं पाहिजे. बाकी मला काही नको.

दीर कडूबा भाऊजी भिंतीत झिरी पाडतील, पाइप बसवतील, वायर ओढतील. बोर्डाच्या खुणा मी करणार. ते म्हणाले, वहिनी, खुणाबी मीच करतो, तुम्ही कशाला शिडीवर चढता. गोड बोलणं मला कळतं. भावाच्या जागी बसायची घाई झाली आहे.

५ नोव्हेंबर

ह्यांची टेप काढून बघितली. पहिल्या फुटावरचे आकडे पार पुसलेत. सिमेंटच्या धुळीने खाल्ले. हे तेवढं मनात धरून मोजायचे. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, माझं चालतंय.

त्यांचं चालायचं. माझं चालणार नाही. निश्चय: टेप अशी घ्यायची की माझ्यामागेही वाचता येईल. घाई करायची नाही. टेप हातात आली की दुसऱ्या दिवशी काम सुरू.

७ नोव्हेंबर

नमनचं हार्डवेअरचं दुकान. त्याने टेपा काउंटरवर ओतल्या. पहिलीच्या टोकाला अडकवायचा लोखंडी आकडा सैल. पुढेमागे हलतो. दुसरीचा सैल. तिसरीचाही. नमन म्हणाला, मावशी, तो मुद्दाम सैल असतो. बाहेरून अडकवा का आतून टेकवा, त्याच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून.

मुद्दाम सैल. दुकानदाराच्या तोंडून एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

शेवटी कंटाळला. 'मावशी, टेप घेऊन राह्यल्या का जावई बघून राह्यल्या?' गिऱ्हाइकं हसली. जावई ह्यांनी बघितला होता. माणूस मोजायची टेप अजून निघायची आहे.

दोन टेपा पसंतीवर घरी आणल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा. एक गच्चीवरून खाली टाकली. लॉक तुटला. वर्तमानपत्रात कोणी लिहीत नाही, पण सध्या सगळंच असं आहे. दुसरी सिमेंटच्या पाण्यात भिजत ठेवली. सकाळी पट्टी बाहेर आली ती आतच जाईना. जिभेसारखी लोंबते.

कडूबा भाऊजी आले होते. बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, शेठ विचारून राह्यले, सुरू कधी करायचं. मी म्हटलं, क्वालिटीचं काम असंच असतं.

१२ नोव्हेंबर

नमनने पसंतीच्या टेपा परत घेतल्या नाहीत. म्हणतो, ह्या नापसंत केलेल्या दिसत न्हाईत, मारलेल्या दिसून राह्यल्या. फायबरची एक दाखवली. लाइटच्या कामाला हीच बराबर, करंट लागत नाही म्हणाला. दाराच्या कडीला बांधून ओढली तर ताणली गेली. मोजताना ताणली जाणारी टेप आणि बोलताना वाढवून सांगणारी जाऊ, दोन्ही घरात नको.

१८ नोव्हेंबर

मिळाली.

रुंद पट्टी, वर नायलॉनचा थर, डबीला जाड रबर, लॉक असा की अंगठा दुखतो. गच्चीवरून टाकली ती शेजारच्या गोजरबाईच्या माठावर पडली. माठ गेला, टेप शाबूत. पाण्यात ठेवली, चिखलात लोळवली, तारेच्या ब्रशने घासली. आकडा हलला नाही. म्हणजे छापलेला. टोकाचा लोखंडी आकडा हिचाही सैल होता. तो मी पक्कडीने दाबून घट्ट केला. आता बिलकुल हलत नाही.

गोजरबाई बोलत नाही. ठीक.

एक गोष्ट नमनला ठाऊक नव्हती, निदान त्याने सांगितली नाही. डबीच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलंय: अधिक सत्तर मिलिमीटर. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं वायरच्या खोक्यांवरून शिकले, आधी हिंदी, मग रद्दीच्या कागदावरून मराठी, मग इंग्रजी. तेव्हापासून माझ्या हाताखालून छापलेलं काही न वाचता जात नाही. पट्टीचा तेवढा भाग रबराच्या आत राहत असणार. म्हणून प्रत्येक मापात तेवढं मिळवायचं. सत्तर मिलिमीटर म्हणजे पावणेतीन इंच.

किती वायरमन हे वाचत असतील? एक नाही. आणि मग भिंती वाकड्या म्हणतात.

२० नोव्हेंबर

काम सुरू. पहिली खूण जिन्याच्या तोंडाशी, मग बाकीच्या खोल्या. फरशीपासून साडेचार फूट अधिक पावणेतीन इंच. भाऊजी शिडी धरून उभे. खालून म्हणाले, दादाच्या बोर्डापेक्षा हे उंच दिसून राह्यले. मी सांगितलं, वरच्या मजल्याचं छत बुटकं आहे, म्हणून तसं वाटतं. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बराबर म्हणून छिन्नी घेतली. ऐकणारा माणूस आहे. दीर असला म्हणून काय.

दुपारी खडू हातात घेऊन नुसती बसले होते. मी वर काम करत असले की हे खालच्या मजल्यावर असतात. एवढंच. कोणाला सांगायचं कारण नाही. काम संपलं की ते तिथूनही जातील, हेही मला ठाऊक आहे. त्यात वेडेपणा काही नाही.

आज भाकरी पुरी खाल्ली.

२७ नोव्हेंबर

सगळ्या खोल्यांत बोर्डांच्या डब्या बसल्या. जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टर होऊन रंगाचा पहिला हातही झाला. दुरून बघितलं. ह्यांचंच काम वाटतं. चूक काढून दाखवावी कोणी.

२ डिसेंबर

फरशीवाल्याने काढली. वरच्या किचनमध्ये बोर्ड अर्धा टाइल्सवर, अर्धा भिंतीवर. मी म्हटलं, तुमच्या टाइल्स खाली बसल्यात. तो म्हणाला, बाई, टाइल्स बाजारात एकाच मापाच्या मिळतात, त्यांना काय माहीत तुमचं. फरशीवाले असेच उर्मट.

मग शेठाणी चंदाबाई आल्या. ओट्यावरून हात लांब करून बटण लावून बघितलं. चवड्यांवर उभं राहावं लागलं. मी म्हटलं, सवय होईल. त्या म्हणाल्या, 'उषाबाई, मी काय आता उंच होणार हाय का?'

शेठने स्वतःच्या टेपने सगळे बोर्ड मोजले. वरचा प्रत्येक बोर्ड पावणेतीन इंच वर. एक चुकला असता तर चूक म्हणता आली असती. सगळे सारखेच आहेत, म्हणजे ती चूक नाही, पद्धत आहे. हे मी शेठना सांगितलं. त्यांनी टेप खिशात टाकली. चहा मागवला, माझा माझ्यासमोर ठेवला आणि आपला न पिताच खाली गेले.

३ डिसेंबर

टेप खराब निघाली, परत करायला नमनकडे. शेठच्या घरात काय झालं ते सगळं सांगितलं. त्याने टेप उलटी केली, ती बारीक अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघितलं. काउंटरचा रिकामा ड्रॉवर ओढला. टेपचं टोक एका बाजूला टेकवलं, डबीची पाठ दुसऱ्या बाजूला. म्हणाला, असं आतून मोजायचं असलं की डबी मधे येते, तेवढ्यापुरती डबीची लांबी मिळवायची. एरवी न्हाई.

'सत्तर मिलिमीटर म्हणजे ही डबी, मावशी. दुसरं काही न्हाई.'

हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. गिऱ्हाइकं होती, त्यांनाही त्याने काही कळू दिलं नाही. स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. उंबऱ्यापर्यंत आला.

कंपनीने हे मराठीत लिहायला पाहिजे. मी तक्रार करणार आहे.

५ डिसेंबर

निश्चय: उद्यापासून सगळ्या खुणा पुन्हा. पावणेतीन इंच खाली. झिरी वाढवायची, वरचा भाग बुजवायचा. त्यात अवघड काही नाही. ह्यांनीही केलं असतं, चुकले असते तर.

६ डिसेंबर

सकाळी साइटवर गेले तर भाऊजी आधीच आलेले. स्वतःच्या खुणा करून छिन्नी चाललेली. शेठ खुर्चीवर. मला बघून उठले, खुर्ची दिली. उषाबाई, हे काम आता कडूबाच्या नावावर राहू द्या, म्हणाले. भुजंग आम्हाला घरच्यासारखा होता, तुम्हीही आहात, तुम्ही आराम करा. इतक्या मऊपणे बोलले की भांडायला जागा ठेवली नाही. श्रीमंतांना हे बरोबर जमतं.

भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?

'व्हय.'

मग बोलला का नाहीत?

'दादा गेल्यापासून तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा माणसात आल्यासारख्या दिसत होत्या, वहिनी. मंग कसं बोलू?'

म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून भिंती फोडल्या. तोंडावर सांगितलं असतं तर काम हातात राहिलं असतं. ह्यांच्या घराण्यात बोलायच्या वेळी कोणी बोलत नाही. ह्यांनीही छातीत दुखतंय हे सांगितलं नव्हतं. पित्त आहे म्हणाले.

१४ डिसेंबर

नवं काम घेणार. छोटी छोटी. घंटी, पंखा, एखादा पॉइंट. मोजायला आता अडचण नाही, टेप समजली आहे. गल्लीत सांगून ठेवलं.

२३ डिसेंबर

एकीने हाक मारली. पंखा बसवायचा होता. कडूबाचा नंबर पाहिजे होता तिला. दिला.

११ जानेवारी, रविवार

टेप उत्तम चालते. दाराचा पडदा मोजला, ट्रंक मोजली, ह्यांचा फोटो मोजला. लॉक तसाच. पुढच्या महिन्यात काम मिळेल. संक्रांत झाली की लोक घराचं काढतात.

८ फेब्रुवारी, रविवार

रतनलालशेठकडे वास्तुशांत. चंदाबाई स्वतः बोलवायला आल्या होत्या, म्हणून गेले. मागच्या बाजूला बसले. माझ्यासारखीने पुढे बसायचं नसतं, आणि तसं कोणी म्हणूही नये म्हणून आपणच मागे बसायचं असतं.

वरचा मजला बघायला सगळे चढले. मीही. बोर्ड सगळे एका ओळीत, खालच्यासारखेच. भाऊजींनी चांगलं केलं आहे. कौतुक करावंसं वाटत नव्हतं, तरी चांगलं आहे. फक्त जिन्याच्या तोंडाचा एक उंच राहिला होता. तिथे रंग झाला होता म्हणून शेठनेच फोडू दिला नव्हता.

चंदाबाईंचे भाऊ राधेश्याम हिंगोलीहून आले होते. बटण लावायला हात वर नेला आणि थांबले. सगळे बराबर आहेत, हा एकच असा उंच कसा, असं विचारलं.

भाऊजी फरशीकडे बघायला लागले. शेठच्या शेजारी मी. शेठने माझ्याकडे बघितलं नाही. राधेश्यामजींच्या खांद्यावर हात ठेवला.

'भुजंगची खूण होती ती. शेवटी शेवटी हात हलायचा बिचाऱ्याचा.'

राधेश्यामजी अरेरे म्हणाले. बायका हळहळल्या. शेठनी हे माझी लाज राखायला केलं, मला समजलं. ज्या तोंडाने गावभर ह्यांच्या खुणेचं सांगितलं त्याच तोंडाने केलं. ह्यांचा हात कधी हलला नव्हता, हे त्या जिन्यात आम्हा तिघांना ठाऊक होतं.

ती खूण माझी, एवढे तीन शब्द बोलायचे होते. सगळे गप्प होते, बोलले असते तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

शेठची नात पलक बुंदी वाढत आली. मी द्रोण पुढे केला.