माझ्या शेळ्या आणि माळावरचे घर शिवलीलाच्या नावे

मी चंद्रभागाबाई श्रीमंत बिरादार, माहेरची मेत्रे, वय अडुसष्ट, धंदा शेळ्या पाळणे व दूध घालणे, राहणार मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर. हे मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता, बुद्धी ठिकाणावर असताना लिहून ठेवते. मला नीट ऐकू येते, चष्म्याने दिसते, माणसे ओळखता येतात. गुडघा तेवढा साथ देत नाही, पण मास्तर म्हणाले की गुडघ्याचा कायद्याशी संबंध नाही. मास्तर म्हणजे अच्युतराव निटूरकर, इथल्या मराठी शाळेचे निवृत्त शिक्षक. कायद्याची वाक्ये त्यांनी सांगितली आहेत, बाकीची माझी आहेत. मी सातवी पास आहे. कचेरीसाठी कन्नड प्रत सोबत जोडली जाईल. दोन्हींत फरक निघाला तर ही मराठी प्रत खरी धरावी.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायची पाळी श्रावणात आली. सकाळी गोठ्यात घसरून पडले आणि उठता येईना. शेळ्यांना लस टोचायला अमरेश हुगार येतो, तो त्या दिवशी नेमका दुपारी आला. त्याने मला उचलून बाजेवर ठेवले आणि विचारले, "अक्का, कवापासून पडलाव? हाक कामून न्हाई मारली?"

मी म्हणाले, "कुणाला मारू?"

तो चेष्टा समजून हसला, आणि मग हसायचा थांबला. म्हणून हे लिहिते.

१. माझ्या मालकीची दोन एकर जमीन मंठाळ शिवारात, माळाच्या कडेला आहे. पहाणीच्या उताऱ्यावर माझे एकटीचे नाव आहे. तिच्यात दोन खोल्यांचे दगडी घर, पत्र्याचा गोठा, एक बोअर, बांधावर चाऱ्याची शेवरी आणि सुबाभूळ आहे. ही जमीन माझे वडील कै. सिद्धप्पा मेत्रे यांनी मला ते हयात असतानाच लिहून दिली. सतराव्या वर्षी माझे लग्न अफजलपूरच्या श्रीमंत बिरादार यांच्याशी झाले. अकरा वर्षे मूल झाले नाही. दहाव्या वर्षी त्यांनी दुसरी केली. मला कोणी घराबाहेर काढले नाही, हे खोटे बोलू नये. वर्षभर मी त्याच घरात राहिले, दोघींना एकाच चुलीवर भाकरी करावी लागली, आणि एके दिवशी मी पिशवी भरून बसमध्ये बसले. माहेरी अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, काही विचारले नाही. आठ दिवसांनी मला माळावर नेले आणि म्हणाले, "कुणाच्या दारात राहू नको. हितं राहा."

२. माझा धाकटा भाऊ शिवराज याला या जमिनीतले काहीही देऊ नये. अप्पांनी जमीन मला दिली हे त्याला पटले नाही. त्याने त्याच्या बांधावरून माझ्या शेळ्या जाऊ नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या टाकल्या. एकोणीस वर्षे मी शेळ्या नाल्यातून फिरवून नेल्या. पावसाळ्यात नाल्याला पाणी असले की चारा डोक्यावर आणला. आता तो काठी टेकत येतो, बांधाच्या पलीकडे उभा राहतो आणि बोलावल्याशिवाय अलीकडे येत नाही. मी बोलावत नाही. त्याच्या सुनेला, हर्षिताला, मूल झाले तेव्हा रोज एक तांब्या दूध मी दिले. ते तिचे आणि माझे आहे, त्यात शिवराजचा संबंध नाही. माझ्या मातीला मात्र त्याने यावे. न येण्यासाठी त्याला कारण सापडू नये म्हणून हे लिहिले.

३. शेळ्या. आजच्या घडीला लहानमोठ्या धरून नऊ आहेत, त्यांतल्या तीन दुधाला आहेत, बांडी नावाची एक गाभण आहे. पहिली शेळी काजळी, ती मी उदगीरच्या बाजारातून आणली होती. तिच्या करडाला दोन्ही वेळा पाजून उरलेले दूध मी गावात घालायचे. पाटी, म्हणजे मादी करडे, ठेवल्या, बोकड विकले. विकलेल्यांचे पुढे काय होते ते मला माहीत होते. दावणीवरून सोडून दिले की मी घरात जायची.

शेळी बरी वाटते कारण ती माणसाला ओळखते. महिन्यात दोन-चार दिवस असे जातात की मी कोणाशीच बोललेली नसते. दूध न्यायला लोक येतात, भांडे पुढे करतात, फोनवर बोलत बोलतच जातात. संध्याकाळी शेळ्यांना हाक मारली की स्वतःचा आवाज घोगरा लागतो, दुसऱ्या कोणाचा असावा असा. पूर्वी मी गोठ्यात पेपर मोठ्याने वाचायची. आता छापील अक्षर फार वेळ दिसत नाही.

माझ्या पाठीमागे शेळ्या एकत्र विकू नयेत. ज्याला संध्याकाळी वेळेवर धार काढता येईल त्यालाच द्याव्यात. कास तटली की सड सुजतात आणि शेळी रात्रभर ओरडते.

४. वर कलम १ मध्ये लिहिलेली जमीन, घर, बोअर, गोठा आणि कलम ३ मधल्या सर्व शेळ्या मी श्रीमती शिवलीला हिला देते. शिवलीला म्हणजे माझी सवत.

मास्तरांनी इथे पेन थांबवायला सांगितले आणि म्हणाले, "नातं लिहायलाच पाहिजे असं न्हाई." मी म्हणाले, लिहायलाच पाहिजे. कोर्टात उद्या कोणी म्हणेल, म्हातारीला भूल पडली, सवतीला कोण देतं. म्हणून कारणही लिहिते.

मी माळावर येऊन सात वर्षे झाली तेव्हा शिवलीलाला मुलगी झाली. पाचव्या महिन्यात शिवलीलाला मुदतीचा ताप आला आणि अंगावरचे दूध गेले. म्हशीचे दूध पोरीला पचेना, ती वाळत चालली. शेळीचे दूध पाजून बघा, असे कोणीतरी सांगितले. श्रीमंत दोघींना घेऊन मंठाळच्या स्टँडपर्यंत आले, त्यांना उतरवून त्याच बसने परत गेले. माळापर्यंत ते आले नाहीत. शिवलीला विचारत विचारत आली. मी शेवरी तोडत होते. ती लांब उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, मला न्हाई दिलं तर चालंल. हिला दे."

महिनाभरासाठी आली होती, चौदा महिने राहिली. मी धार काढायची, ती दूध उकळून त्यात पाणी घालून पळीने पाजायची. पोरीचे नाव मंजुश्री, ते आम्ही दोघींनी मिळून ठेवले. अफजलपूरला बारसे झालेच नव्हते. शिवलीलाला ताकद आली तशी ती चाऱ्याला जाऊ लागली, मग धार काढायला शिकली. पहिल्यांदा काजळीने लाथ मारून भांडे सांडले तेव्हा ती रडायला लागली. मी म्हणाले, "रडायलीस कामून, माझंबी सांडायचं." दुपारी पोरगी झोपली की आम्ही दोघी गोठ्याच्या सावलीला बसायचो. त्या घरातले काय काय दोघींनाही माहीत होते, त्यामुळे सांगावे लागत नव्हते. सासूच्या चालण्याची नक्कल ती अशी करायची की मला ठसका लागायचा. माझ्या अडुसष्ट वर्षांतले हे चौदा महिने मी वेगळे मोजते.

मग श्रीमंत आले. या वेळी माळापर्यंत आले. मंजुश्री त्यांना बघून माझ्या लुगड्यामागे लपली. ते म्हणाले, "चला, खुरपणी पडलीय." शिवलीला माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, तू सांग. जाऊ का ऱ्हाऊ?"

मी म्हणाले, "मला काय इचारतीस? नवरा तुझा हाय."

आणि गोठ्यात जाऊन लेंड्या झाडायला लागले. झाडून झालेला गोठा परत झाडला. बाहेर आले तर माळावर कोणी नव्हते.

ती येईल असे मला वाटायचे. ती बोलावणे येईल असे समजत असेल. मंजुश्रीच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. श्रीमंत वारले ते मला तेराव्यानंतर, कलबुर्गीहून आलेल्या कडब्याच्या गाडीवाल्याकडून कळले. ती माळावरून गेली त्याला बत्तीस वर्षे झाली.

५. श्रीमंत वारल्यावर त्यांच्या पुतण्यांनी अफजलपूरची उसाची जमीन धरली आणि शिवलीलाला घर सोडायला लावले. त्यांचे म्हणणे, पहिली बायको जिवंत असताना हिचे लग्न कायद्याने लग्नच नव्हे. म्हणजे माझ्या नावाने तिला बाहेर काढले, आणि मला विचारलेदेखील नाही. मी बसवकल्याणच्या वकिलांना विचारले. ते म्हणाले, "मग कायद्यानं बायको तुम्हीच. वाटा तुमचा." तर तो वाटा, जो असेल तेवढा, मी शिवलीलाला देते. मंजुश्रीचा मुलगी म्हणून जो हक्क आहे तो तिचा तिला आहेच. पुतण्यांना माझे एवढेच सांगणे की आता कागदावरच्या बायकोनेच हे लिहिले आहे, तेव्हा कागद नीट वाचावा.

६. मंजुश्रीला पितळी वाटी आणि पळी द्यावी. तिला आठवण असणे शक्य नाही.

७. पासबुकात जे असेल त्यातून माझ्या मातीचा खर्च करावा. माती माझ्याच शेतात, शेवरीच्या बांधाला द्यावी. जेवणावळ घालू नये. त्या दिवशी शेळ्यांची धार चुकू नये, एवढे बघावे.

दिनांक ४ डिसेंबर २०२४ रोजी इथपर्यंत लिहिले. मास्तरांनी पहिल्यापासून वाचून काढले आणि विचारले, "अक्का, त्या बाईंना हे ठाऊक आहे का?"

"न्हाई."

"मग एकदा विचारा की."

"न्हाई म्हणली तर?"

"तर काय?"

मी म्हणाले, "मी मेल्यावर ती न्हाई म्हणली तर मला ऐकू यायचं न्हाई."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. कागदांची घडी घातली आणि म्हणाले, "सही पुढल्या आठवड्यात करू." मला राग आला होता, पण कागद त्यांच्या पिशवीत गेले होते.

मंजुश्री कलबुर्गीत शाळेत शिकवते आणि शिवलीला तिच्याकडे असते, एवढे मला माहीत होते. नंबर अमरेशने मिळवून कागदावर लिहून दिला. तीन दिवस तो कागद मी फळीवर ठेवला. चौथ्या दिवशी सकाळच्या धारा झाल्यावर फोन लावला.

"कोण बोलायलंय?"

मंजुश्री उचलेल असे धरून मी बोलायचे ठरवले होते. शिवलीलाच होती. मी म्हणाले, "मंठाळहून बोलायले."

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग ती म्हणाली, "अक्का?"

ठरवलेले एकही वाक्य आठवेना. मी म्हणाले, "बांडी व्यायलीय. दोन पाटी झाल्यात."

"दोन्हीबी पाटी?"

"व्हय."

"मग दूध लई आसंल."

"हाय. प्यायला कोण न्हाई."

पलीकडे तिने कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तू बोलावशील म्हणून पयली दोन वर्सं मी पिशवी भरून ठिवली होती."

मी म्हणाले, "आता ये."

ती रविवारी आली. मी स्टँडवर गेले होते. केस पांढरे, अंगाने माझ्याहून बारीक, पण चालण्यावरून ओळखले. वाटेत आम्ही उसाच्या गाड्यांबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. माळावर आल्यावर तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी गोठ्यात गेली.

दुपारी मी म्हणाले, "त्या दिशी मी ऱ्हा म्हणायला पाहिजे होतं."

ती म्हणाली, "म्हणली आसतीस तर ऱ्हायले आसते."

रागाने म्हणाली नाही. मला बरे वाटावे म्हणूनही म्हणाली नाही. मी मान हलवली.

संध्याकाळी मास्तरांकडून कागद आणून तिला सगळे वाचून दाखवले. सवत शब्द आला तेव्हा ती थोडी हसली. शेवटी म्हणाली, "घर नगं अक्का मला." मग घराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंजुश्रीची पोरं ल्हान हायत. दोन वर्सं तर मला निघता यायचं न्हाई."

दोन वर्षे मी असेन की नाही, हे कोणीही बोलून दाखवले नाही. मी म्हणाले, "मी आत्ता ये म्हणून लिहिलंच न्हाई. नंतर ये म्हणून लिहिलंय." ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे लिहिलेलं."

तेव्हा वरील कलमे १ ते ७ जशीच्या तशी कायम. त्यांत खाडाखोड नाही. हा माझा पहिला आणि अखेरचा लेख. मी तो वाचला, समजला, आणि खालच्या दोघा साक्षीदारांच्या समोर त्यावर सही करते. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या आहेत.

ज्याला मिळणार त्याने सहीच्या वेळी जवळ उभे राहू नये, असे मास्तर म्हणाले. म्हणून शिवलीला इथे नाही. ती बांडीच्या धारेला बसली आहे. परक्या हाताला बांडी सहजी पान्हा सोडत नाही, पहिल्या दिवशी दोनदा भांडे उलथवले, आज उभी राहिली आहे. इथे ओट्यावर धारेचा आवाज येतो. उद्या सकाळच्या बसने ती कलबुर्गीला जाईल, आणि संध्याकाळची धार मी काढीन.

सही: चंद्रभागाबाई श्रीमंत बिरादार

साक्षीदार:
१. अच्युतराव निटूरकर, निवृत्त शिक्षक, मंठाळ
२. अमरेश हुगार, मंठाळ

ठिकाण: मंठाळचा माळ, राहत्या घराच्या ओट्यावर
दिनांक: १७ डिसेंबर २०२४, मंगळवार, संध्याकाळी