ताटावर आडवा हात

अमरावती, मंगळवार संध्याकाळ

सहदेवबाबा आज आमच्या बेघर निवाऱ्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणतात, पोटात अन्नच नाही. अन् आमच्याकडे रोज भात उरून राहिला!

लूकास पांढराफटक पडला. बेघरांसाठी काही करावं म्हणून हे पोरगं पोर्तुगालहून इथवर आलं, रोज पंगतीत वाढतं. "ताई, मी रोज विचारलं. ते 'नको जी, झालं माह्यं' म्हणायचे. ताटावर हात धरायचे." खरंच सांगून राहिला तो. समोरच्याच्या नकाराचा मान ठेवायचा, असं त्याला तिकडून शिकवूनच पाठवलंय. मान ठेवून तो पुढच्या ताटाकडे जायचा.

आता त्याले कसं सांगू? आपल्याकडे तो आडवा हात म्हणजे नकार नसतो रे. परक्या घरी पहिल्यांदाच 'हो' कोण म्हणेल? त्या हातावरून वाढायचं असतं. गेल्याच आठवड्यात बसस्टँडवरून आणलेला, कधी मागून न खाल्लेला माणूस. रोज वाट पाहिली असेल, हा पुन्हा एकदा म्हणेल म्हणून. काहून नाही मागितलं बाबा तुम्ही? एकदा तरी?

त्याले सांगितलं शेवटी. तेव्हापासून लूकास खिचडीचा डबा घेऊन खाटेजवळ बसलाय. "घ्या ना बाबा. दोन घास. माझ्यासाठी." थांबतच नाही.

बाबांचे डोळे मिटलेले. हात खाटेवरून खाली लोंबतोय.

देवा, एकदा आडवा येऊ दे तो हात.