ओहोटीला बांधलेली बोट

३ नोव्हेंबर

बोट घेतली! लाकडी, जुनी, दोन माणसांपुरती. मागे छोटं इंजिन. हिनं चहूबाजूंनी फिरून पाहिली, बोटानं टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "हंगामभर बघते. मला नाही पटलं तर परत घरी. मग कुरकुर ऐकून घेणार नाही हं!" कबूल केलं. समुद्रकाठी राहायचं, मासे पकडायचे ही हौस माझी. त्यासाठी संस्कृतचे तास मुदतीआधीच सोडले. ही ऑपरेशन थिएटरची सिस्टर. निवृत्त झाली आणि माझ्यामागे आली ती निव्वळ सौजन्यानं. तेव्हा निकाल तिच्या हाती, हे न्यायाला धरूनच आहे.

६ नोव्हेंबर

पहिली सफर. उलट्या. माझ्या.

११ नोव्हेंबर

पुन्हा तेच. शेजारच्या बोटीवाल्याला इथे सगळे कप्तान म्हणतात. तो धक्क्यावरून ओरडला, "गुरुजी, सुकाणू वहिनींकडे द्या! तुम्ही आपले लांब कुठेतरी बघत बसा!"

दिलं. आणि काय सांगू! बोट एकदम शहाण्यासारखी चालू लागली. गळाची दोरी ही दोन बोटांत अशी धरते, की जणू समुद्राची नाडी बघतेय. तास गेला. मग हळूच, "आलाय." मासा वर आला तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त धडपडलो. "अहो, बसा खाली. पेशंट एकच पुरे."

२० नोव्हेंबर

वारा. घरीच. खिडकीत उभी राहून ही लाटांकडे बघत होती. "काय विचार चाललाय?" तर म्हणे, "काही नाही." या 'काही नाही'वर भाष्य लिहायला बसलो तर जन्म पुरायचा नाही. कंटाळली असेल का? विचारवत नाही.

१ डिसेंबर

बोट बुडवली. मी. कोरड्या जमिनीवर उभं राहून!

सकाळी परतलो तेव्हा पूर्ण ओहोटी. ही माशांची टोपली घेऊन पुढे गेली. बोट बांधायचं काम माझ्याकडे. धक्क्याच्या खालच्या कडीला छान बांधली. दोरी आखूड, गाठ घट्ट, कुठे लोंबकळणं नाही. लांबून पाहून स्वतःला शाबासकीसुद्धा दिली. जेवून येतो तर भरती आलेली. पाणी चढलं, बोटीचं नाक मात्र मी बांधून ठेवलं होतं तिथेच! आधी वाकली, मग भरली, मग इंजिनासकट आडवी. समुद्राची पंधरा-वीस संस्कृत नावं मला तोंडपाठ आहेत. त्यांतलं एकही त्या वेळी मदतीला आलं नाही.

कप्तान हसून हसून खाली बसला. "गुरुजी, बोट होती, गाय नव्हे!"

ही हसली नाही. मीच म्हणालो, "परत जाऊ या. मी कुरकुर करणार नाही." तिनं पदर खोचला. "आधी हिला बाहेर काढू. मग तुमच्याकडे बघते."

२ डिसेंबर

अंगणात पांढरी चादर. तिच्यावर इंजिनाचे सुटे भाग, ओळीनं. कप्तान सांगतोय, ही करतेय. गोड्या पाण्यानं धुणं, प्लग काढणं, पाणी उपसणं. थोड्या वेळानं तो सांगायचा थांबला आणि नुसता बघत राहिला.

न बघताच ही तळहात पुढे करायची. "पाना." मी तळहातावर पाना आपटायचो. "तेल." तेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तळहातांवर हत्यारं ठेवली हिनं. आज तळहात तिचा होता! बंद करण्याआधी मोजणी. एक स्क्रू कमी. "सापडल्याशिवाय पोट शिवायचं नाही," म्हणाली. माझ्या चपलेखाली निघाला.

दोरी ओढली. खोकलं. पुन्हा ओढली. सुरू झालं!!

कप्तान उठून उभा राहिला. मीही.

९ डिसेंबर

लेकीचा फोन. "बाबा, आई रमली का हो तिथं?" म्हटलं, निकाल राखून ठेवलाय. मागून ही ओरडली, "फोन ठेवा, पाणी चढतंय!"

१४ डिसेंबर

आज चहा पिताना निकाल लागला. हंगाम संपायची वाटही पाहिली नाही. "मी राहते."

मी आनंदानं काही बोलणार, तोच, "आता तुमचं सांगा. बोटीत बसलात की हिरवे पडता. हौस म्हणून किती दिवस सोसणार? लेकीकडे जायचं असेल तर खुशाल जा. मी राहीन इथं एकटी, मजेत."

आणि गेलीच बोट घेऊन. पहिल्यांदाच, माझ्याशिवाय.

मलाही कुणी विचारेल, असं वाटलंच नव्हतं. धक्क्यावर उभा राहिलो. उन्हात ताठ बसली होती, सुकाणूवर हात. बोटीत असताना मी लांब कुठेतरी बघत बसायचो. ही कशी दिसते ते कधी पाहिलंच नाही.

राहतो. पण इथे, धक्क्यावर.