कार्डावरचा आकडा माझा नाही

मी, वय सत्तावीस, इमारतीला परांची बांधणारा, शाळा सातवीत सुटलेला. डोकं ठिकाणावर आहे, कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. याआधी असा मृत्युपत्राचा कागद केलेला नाही, सुचलंच नव्हतं.

१. घरातला माझा वाटा आणि बँकेत असेल ते आईला. काकाने त्यात नाक खुपसू नये.

२. काकाला एक गोष्ट परत करतो. बाबा डोक्यातली नस फुटून गेले त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडून बाहेर पडलो होतो. काका सगळ्यांसमोर म्हणाला, "तूच खाल्लंस बापाला." आठ वर्षं ते घेऊन हिंडलो, एका जागी पाय ठरला नाही. गेल्या महिन्यात कामावर डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं, १७० वर ११०. विचारलं, "घरात कुणाला आहे?" मी आजोबा, आत्या, बाबा सांगितले. त्या म्हणाल्या, "हे जन्मतःच थोडं थोडं येतं. एक मोठा दोष नसतो, शेकडो बारीक फरक असतात, कुणाच्या वाट्याला जास्त. वर मीठ, तंबाखू." मी विचारलं, "आणि भांडण?" "एका भांडणानं नसा कडक होत नाहीत हो." तेव्हा काका, तुझं तुला. भांडलो ते मात्र खरं, तेवढं माझ्याकडे राहू दे.

३. नट आवळायचे पाने, हातोडी, कमरेचा पट्टा धाकट्या भावाला, पण अट आहे. धाकट्या, त्या अंधारीनंतर उंचीवरच्या कामासाठी तपासणी झाली, तिथे माझ्या नावावर खोलीतल्या पैलवानाने प्रेशर मोजायला हात दिला होता. ११८ वर ७६ हा आकडा त्याचा. तपासणीचं ते कार्ड मी मिरवत घरी पाठवलं. आई म्हणाली, "सुटलास बाबा त्या दुखण्यातून." तू म्हणालास, "दादा, मग मीही सुटलो. वरचंच काम बघ माझ्यासाठी."

तुझ्यात किती आलंय ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. तीन वेगळ्या दिवशी स्वतःचा हात देऊन मोज. ठीक निघालं तर हत्यारं तुझी. नाहीतर विकून टाक, जमिनीवरचं काम धर, गोळी चुकवू नकोस.

४. असा कागद माणूस मेल्यावर उघडतात. पण तू सोमवारी इकडे कामाला निघतोयस. म्हणून सही झाली की लगेच फोटो पाठवतो. सकाळी मुकादमाला खरं सांगणार आहे. काम जाईल, जाऊ दे. आईला तूच वाचून दाखव. फोनवर माझ्याच्याने होणार नाही.

ठिकाण: कामगारांची खोली, दुसरा मजला
तारीख: १४ नोव्हेंबर
सही

साक्षीदार:
१. पैलवान, खोलीसोबती. "माझं नाव कशाला ओढलंस?" म्हणाला, मग सही केली.
२. खानावळीचा आचारी. दोनदा वाचून सही केली.