वरचा खडक

यूरेका, नेवाडा
१४ ऑक्टोबर १९५८

प्रिय एडिथ,

चोवीस वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं म्हणून पाकीट तसंच चुलीत घालू नकोस. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो. रूबी, माझी बायको, पाइनच्या बिया वेचून आली, बोटांना चीक चिकटला आणि राग माझ्यावर निघाला. परवा मी दगड चाटून बघत होतो, तर म्हणाली, "माझ्या सूपला कधी एवढ्या मनापासून जीभ लावली नाहीस." दगड ओला केल्याशिवाय आतलं दिसत नाही, हे तिला अजून पटत नाही.

तर, विषय आपल्या डोंगराचा आहे. आमच्या सर्वेक्षण खात्याची माणसं आली होती. माथ्यावरचा काळा खडक खालच्या चुनखडीपेक्षा जुना आहे, पश्चिमेकडून रेटा बसून तो कोसच्या कोस सरकत आला आणि चुनखडीवर चढला, हे आता सगळे मानतात. अशाच रेट्यांनी या खंडाची सगळी पश्चिम उभी केली म्हणे. नव्या नकाशात आपल्या डोंगरापुरता हा शोध ते माझ्या नावानं छापणार आहेत.

तू हे १९३४ च्या उन्हाळ्यातच म्हणाली होतीस, तंबूसमोर बसून. "हॅरलन, वरचा डोंगर इथला नाहीच. पाहुणा आहे."

"डोंगराला काय चाकं असतात?"

"तुझ्या डोक्यालाही नाहीत, तरी ते भलतीकडे जातंच ना?"

वरच्या खडकाच्या पिशव्यांत खालच्यापेक्षा जुन्या जिवांचे ठसे निघाले होते, तोच तुझा पुरावा. मग मी प्राध्यापकांना सांगितलं, की नमुन्यांच्या पिशव्यांवर तू उलटसुलट क्रमांक घातलेस. सगळे हसले. मीही हसलो. तू शिक्षण सोडून गेलीस. आई शेवटपर्यंत विचारायची, एडी का येत नाही. मी म्हणायचो, कामात असेल.

पिशव्यांपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

त्याच ऑक्टोबरात मी एकटा वर गेलो आणि माथ्यावरचा खडक स्वतःच्या हातोडीनं फोडला. आत पेन्सिलीच्या रेघांसारखे तेच जुने जीव. पिशवी नव्हती, क्रमांक नव्हता, चूक करायला तू नव्हतीस. पण वरचा खडक खालच्यापेक्षा नवा दाखवणारा माझा नकाशा छपाईला गेला होता. तो तुकडा मी दरीत भिरकावला, वहीतलं त्या दिवसाचं पान कोरं ठेवलं आणि खाली येऊन पोटभर जेवलो. लाज वाटते, एडी. त्या जेवणाची सगळ्यात जास्त वाटते.

खात्याला लिहिलंय: शोध माझ्या बहिणीचा, पिशव्या बरोबर होत्या, हे मला माहीत होतं आणि मी लपवलं. नोकरी बहुतेक जाईल. रूबीला सकाळी सांगितलं. तिनं एक कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "आधी एडिथला लिही."

तिचं मी ऐकलं नाही. आधी खात्याचं पत्र टपालात टाकून आलो, मग हे लिहायला बसलो. तू "जाऊ दे, हॅरलन" म्हणाली असतीस, तर ते मी टाकलंच नसतं.

तुझ्यावर जाणूनबुजून आळ राहू दिलेला,
तुझा भाऊ
हॅरलन