संतरामबाबांचं ताट

गोरेगाव,
दि. ६ जानेवारी २००३

ती. सौ. शालूताईस,
भागवतचा सा. न. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड पावलं. तुमच्या कुरुंद्याला हळद काढायला आली असेल. इकडं आई बरी आहे. कॉलेज सोडून मी दिवसभर काय करतो असं दाजींनी विचारलंय, तर सांग त्यांना, म्हाताऱ्यांना जेवू घालतो. घराला लागून कापसाचं गोदाम होतं ना, तिथं ट्रस्टनं म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र काढल्याचं तुला मागं लिहिलंच होतं. बावीस जण येतात. सकाळी पेपर, गुरुवारी सिस्टर येऊन बीपी-शुगर बघते, निराधारचे फॉर्म मी भरतो आणि बाराला जेवण. शिधा ट्रस्टचा, चूल आपली. आई रांधते, मी वाढतो. प्रत्येकाच्या ताटावर ज्याचं त्याचं नाव घातलंय. एक वाजेपर्यंत ताट कोणी उचललं न्हाई तर मी त्याच्या घरी जाऊन बघायचं, असा नियम आहे.

पण ताई, मला झोप न्हाई. शेवटच्या गल्लीतले संतरामबाबा दिवाळीपासून आपल्याकडचा घास खाईनात. प्रतिक्षाचे आजोबा म्हणूनच मला जास्त लागतं, हे तुला वेगळं सांगायला नको. आईला आमचं अजून माहीत न्हाई. प्रतिक्षा हिंगोलीला डी.एड.च्या होस्टेलवर, तिचे आई-बाप पुण्याला कंपनीत, म्हातारा घरात एकटा. येतात रोज. पेपर वाचतात, केंद्रातल्याच जनकाबाईशी भांडतात, आणि ताटं मांडली की काठी उचलून बाहेर. पाणीसुद्धा घरून तांब्यात आणतात. आधी मला ए भागवत्या म्हणून ओरडायचे, डाळीत मीठ टाकायला तुझ्या बापाला बोलावू का म्हणायचे. आता चारचौघांत म्हणतात, भागवतराव, आपण बसा. टोमणा कळत न्हाई का मला? आमचं त्यांना समजलंय, आणि हा त्याचा राग आहे.

सदरा अंगावर न्हाई, खुंटीवर लटकल्यासारखा दिसतो. घरी दोन कच्च्या भाकरी थापतात म्हणे. शुगरची गोळी मात्र बराबर घेतात. सिस्टर म्हणाली, गोळी पोटात अन् अन्न न्हाई, असं चाललं तर एक दिवस बसल्या जागी कलंडतील. काय करू ते कळव.

माया आहेच, उत्तराला उशीर करू नको.
तुझा,
भागवत

कुरुंदा,
दि. ११ जानेवारी २००३

चि. भागवतास,
शालूताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. तुझे दाजी म्हणाले, पोरगं पोस्टाच्या पेटीत हात घालतं तर पेटी तापत असेल. सरांनी एकदा वर्गाबाहेर काढलं म्हणून तू कॉलेजच सोडून आलास, तेव्हा तुझ्या रागावर मी काय भरवसा ठेवू?

म्हाताऱ्या माणसाला शंभर कारणं असतात. दात दुखत असतील, कसला नेम धरला असेल. बाजूला बस, हळू आवाजात विचार. मोठ्यानं बोलू नको. आणि रागाच्या भरात कुणाला पत्र लिहू नको, मला सोडून. मला सवय आहे.

आईच्या गुडघ्याला तेल लाव. आठवण ठेव, म्हणजे झालं.
तुझी,
शालूताई

गोरेगाव,
दि. १६ जानेवारी २००३

ती. सौ. शालूताईस,
भागवतचा सा. न. वि. वि.

जे करू नको म्हणालीस ते दोन्ही करून बसलो.

संक्रांतीला आईनं तिळाचे लाडू वळले. मी स्वतः संतरामबाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी कपाळाला लावला आणि शेजारच्या जनकाबाईच्या हातावर ठेवून दिला. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरचं काय विष आहे का, असं मी ओरडलो. बावीस जणांचे हात थांबले. तांड्यावरचे वसरामबाबा मला खाली बस म्हणत होते. संतरामबाबा उठले. तांब्या उचलला अन् गेले.

त्याच तावात मी प्रतिक्षाला पत्र लिहिलं. जिथं माझ्या घरच्या अन्नाला किंमत न्हाई तिथं मलाही न्हाई, मला विसर, असं. लगेच पेटीत टाकलं. पेटीत हात जात न्हाई ताई, मी घालून पाहिला.

काल एक वाजला तरी ते आले न्हाईत. धावत गेलो. उंबऱ्यात एका कुशीवर पडलेले, घामानं ओलेचिंब, परातीत पीठ भिजवलेलं तसंच. त्यांच्याच डब्यातली साखर त्यांच्याच माठातल्या पाण्यात कालवून चमच्यानं पाजली. घाईत निम्मी साखर त्यांच्या मिशीत. डोळे उघडल्यावर काय म्हणाले असतील? म्हणाले, भागवतराव, तुमाला तकलीफ झाली.

हा माणूस मरता मरता पण टोमणे काहून मारतो? सिस्टर म्हणते, पुन्हा असं झालं अन् जवळ कोणी नसलं तर संपलं. मी आता दर तासाला त्यांच्या दारावरून चक्कर मारून राहिलो.

लवकर लिही. जीव टांगलाय.
तुझा,
भागवत

कुरुंदा,
दि. २० जानेवारी २००३

चि. भागवतास,
शालूताईचे आशीर्वाद, आणि एक चापट. वि. वि.

गाढवा, आपले अण्णा आठव. माझं लग्न झाल्यावर तीन वर्षं ते कुरुंद्याला यायचे, तेव्हा कुठं जेवायचे? स्टँडवरच्या लिंबाखाली, आईनं बांधून दिलेली भाकरी सोडून. तांब्या कोण धरायचं? तूच. आमच्या सासूबाई हात जोडायच्या, तरी घोटभर पाणी घेतलं न्हाई त्यांनी. का? तर लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरच्या अन्नपाण्याला शिवायचं न्हाई. माझा बबन झाला त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या पाटावर बसले अन् पुरणाच्या सहा पोळ्या खाल्ल्या.

आता संतरामबाबांची सगळी वागणूक पुन्हा वाच. तुझ्या चुलीचं खाईनात. तुला अहो-जाहो करून राहिले. लाडू टाकला न्हाई, कपाळाला लावला. अरे, लग्नाची बोलणी व्हायच्या आधीच त्या म्हाताऱ्यानं मनानं नात देऊन टाकली तुला! अण्णांपेक्षा कडक निघाला. आणि तू त्याला विष आहे का म्हणून विचारलंस.

तेव्हा दोन कामं कर. एक, मिळेल त्या जीपनं हिंगोलीला जा अन् प्रतिक्षाचे पाय धर. दुसरं, बाबांना आपल्या चुलीचं चालत न्हाई, जनकाबाईच्या चुलीचं चालेल. तिला सांग. म्हातारा जगला पाहिजे, भागवत. तुझ्या अकलेपायी मरायला नको.

रागावले असले तरी तुझीच,
शालूताई

गोरेगाव,
दि. २७ जानेवारी २००३

ती. सौ. शालूताईस,
भागवतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी बसलो, मग पळालो.

प्रतिक्षा होस्टेलच्या फाटकापाशी आली ती माझं पत्र हातात घेऊनच. तिनं विचारलं, राग संपला का आणखी एखादं येणार आहे? दिवाळीत तिनं आजोबांना सगळं सांगितलं होतं. आई-बाप शिमग्याला पुण्याहून येतील, तोवर भागवतला एक अक्षर बोलायचं न्हाई, अशी त्यांनी शपथ घातली होती. पोराला कळलं तर शेफारेल, म्हणाले. मग तिनं पत्राचे चार तुकडे करून माझ्याच खिशात घातले. म्हणाली, अजून एकदा असं लिहिलंस तर फाडायचे कष्ट घेणार न्हाई, खरं धरून चालेन.

आईला सांगितलं. आई रडली, मग म्हणाली की दिवाळीपासून तिला वाटत होतं आपल्या हाताची चव गेली.

जनकाबाई रोज भाकरी-भाजी करून देते. मी डबा नेतो. पहिल्या दिवशी बाबांनी पीठ कुणाचं ते तीनदा विचारलं. मी खाली मान घालून माफी मागितली. ते जेवत राहिले. गुरुवारी शुगर पाहिली, अजून खाली-वर आहेच. भीती जात न्हाई. माफ केलं का न्हाई, कसं कळावं? आज पोस्टमननं त्यांचं पत्र आणून दिलं. दोन गल्ल्यांवरून, तिकीट लावून! नक्कल पाठवतो.

तुझी चापट पोचली, आणखी पाठवू नको.
तुझा,
भागवत

गोरेगाव,
दि. २५ जानेवारी २००३

रा. रा. भागवतराव यांस,
संतरामचा रामराम. वि. वि.

तोंडानं बोललो असतो तर तुमी मधीच तापले असते, म्हणून लिहितो.

त्या दिवशी तुमी ओरडले त्याचा राग न्हाई. उपाशी माणसासाठी ओरडणारा जावई मिळाला, ते बराबरच झालं. पण तुमच्या चुलीचा घास मी आता घेणार न्हाई. आमच्या बापानं घेतला न्हाई, त्याच्या बापानं घेतला न्हाई. लेकरू झालं की घेईन. माझं वय शहात्तर, शुगर अशी. मला किती वर्षं ताटकळत ठेवायचं ते तुमी अन् प्रतिक्षा ठरवा. मात्र कॉलेज आधी पुरं करा. जूनमध्ये फॉर्म भरा. दुसऱ्यांचे भरता, स्वतःचा पण येत असेल.

तुमच्या आईंना, मंजुळाबाईंना सांगावं, त्यांच्या वरणाचा वास रोज केंद्राच्या भिंतीवरून येतो. लई तकलीफ होते.

केंद्रात माझ्या नावाचं ताट आहे. ते पालथं घालून ठेवा. दुसऱ्या कुणाला देऊ नका.

तुमचा होणारा आजेसासरा,
संतराम