गठ्ठ्यात बांधली गेलेली वेळ

नागपूर, २८ ऑक्टोबर २०२५

चि. वैभवीस,

बाबांचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक, तूही असशील. हे पत्र म्हणजे समेट आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. मला न विचारता तू हेलसिंकीतली नोकरी कायमची करून टाकलीस, तेव्हा तुझ्याशी फोनवर बोलणार नाही असं मी ठरवलं. लिहिणार नाही असं कुठे म्हटलं होतं? शिवाय तुझी एका ओळीची मेल कामाची होती, आणि व्यापारी माणूस मालाच्या तक्रारीला उत्तर देतोच.

तर तक्रार. ब्राझीलच्या त्या गृहस्थांचं म्हणणं खरं आहे. तू कॉलेजात असताना केलेलं संगणकावरचं घड्याळ, ज्यात वेळेच्या दर आकड्याला ठिपक्यांची एक रांग आणि पेटलेल्या ठिपक्यांची बेरीज करून तो आकडा काढायचा, ते मी पॅकेज करून लिनक्सच्या भांडारात, जिथून कोणीही ते फुकट उतरवून घेतो, पाठवलं आणि ते सगळ्या जगाला हेलसिंकीची वेळ दाखवतं. का, असं तू विचारलंस.

झालं असं की उन्हाळ्यात जुन्या संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि तुझं घड्याळ उघडेना. मग व्हिडिओ बघून पॅकेजिंग शिकलो. त्यात घाबरायचं काय? माझा जन्म गांधीबागच्या दुकानात कापडाचे गठ्ठे बांधण्यात गेला. इथेही तेच. आत काय आहे, कोणी बनवलं, सोबत काय लागेल, माल खराब निघाला तर कोणाला धरायचं, सगळं वरच्या चिठ्ठीवर लिहायचं. वर्णनात मी लिहिलं, ‘अत्यंत हुशार मुलीने बनवलेले घड्याळ’. तपासणाऱ्याने ‘अत्यंत हुशार’ काढायला लावलं. म्हणे, स्तुती चालत नाही. मी त्याच्याशी आठवडाभर भांडलो, तर ‘मुलीने बनवलेले’ही गेलं. उरलं नुसतं घड्याळ.

या भांडणाच्या नादात गठ्ठ्यात माझी स्वतःची सेटिंगची फाइल बांधली गेली. दुकानातून एकदा साड्यांसोबत माझा जेवणाचा डबा रायपूरला गेला होता, तसंच. त्या फाइलमध्ये हेलसिंकी कुठून आलं, याच्या खोलात शिरायची गरज नाही.

तुझी आई मात्र शिरली. दिवाळीच्या सकाळी तिने तुला लावायला फोन उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आत्ता नोको लावू वं, पोरगी झोपली असन. साडेपाचच वाजून राहिले तिकडं.”

“अन् तुमाले कसं माहीत जी? तुम्ही तं बोलून नाही राहिले ना तिच्याशी!”

तेवढ्यात फराळाला आलेले लकडगंजचे ओमप्रकाशजी स्क्रीन पाहून म्हणाले, “अरे मनोहरराव, कंप्यूटर में भी लाइट की झालर लगा दी क्या?” म्हणून सुटलो.

आता लपवायला काय उरलं? तुझ्या साडेआठचे ठिपके पेटले की मी मनात म्हणतो, निघाली ऑफिसला. तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात, मग मी जेवायला बसतो. परवा रविवारीही सवयीने ताटावर बसलो, तर ठिपके साडेसातचे. वाटलं, पॅकेज बिघडलं. दुपारभर एकेक फाइल तपासली, तुझ्या आईने वरण दोनदा गरम केलं. शेवटी कळलं की थंडीसाठी तुमच्याकडे घड्याळंच मागे घेतात. बिघाड काहीच नव्हता. तू आणखी एक तास लांब गेली होतीस. वाईट वाटलं, वैभवी. फार वाईट वाटलं.

काल दुरुस्त पॅकेज पाठवलं. आता ज्याच्या त्याच्या गावची वेळ दिसेल. ब्राझीलवाल्यांना माफीही लिहिली. आपल्या घरच्या संगणकावर मात्र मी ते टाकलेलं नाही, टाकणारही नाही.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेलोय असं आईने सांगितलं. मी दाराआड उभा होतो. येत्या रविवारी तुझ्या सकाळी दहाला फोन कर. आईला नाही, मला. दहाला त्या घड्याळात एकाचा एकच ठिपका पेटतो, शून्यांच्या रांगा विझलेल्या. मी समोर बसून असेन.

माल खराब निघाला तर ज्याला धरायचं, तो

तुझा बाबा